मृगाआधी एकदा आंब्याच्या बुंध्याशी बसा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मृग तीन आठवड्यांवर आला आहे. केसर आंब्याची तोडणी जोरात आहे, बांधावर कॅरेटच्या चळती लागल्या आहेत आणि सगळ्यांच्या नजरा वर, फळाकडे आहेत. नेमक्या याच दिवसांत एकदा खाली, बुंध्याकडे पाहायला हवे. तिथे लाकडाचा ओलसर भुसा साचलेला दिसला, तर त्या झाडाच्या पोटात खोडकिडा बसला आहे. पहिल्या दमदार पावसानंतर त्याचा भुंगेरा बाहेर पडतो आणि आजूबाजूच्या खोडांवर अंडी घालतो. मग पुढे वर्षभर काहीही करा, बैल गेला आणि झोपा केला अशी गत होते. या तीन आठवड्यांत काय करावे आणि काय मुळीच करू नये, हे मराठवाड्यातील बागायतदार, ग्रामपंचायती आणि कृषी खाते या तिघांनाही सांगावे म्हणून हे पत्र.

आंब्याचा खोडकिडा, काही भागांत त्याला भिरूड म्हणतात, हा लांब मिशांचा भुंगेरा. शास्त्रीय नाव बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा. रंग करडा-तपकिरी, लांबी ४ ते ५ सेंटीमीटर, मिशा अंगाहून लांब, डोक्यामागच्या कवचावर दोन नारिंगी चंद्रकोरी आणि त्याच कवचाच्या दोन्ही बाजूंना एकेक काटा. हातात धरला की करकर आवाज करतो. मादी जबड्याने सालीला चीर पाडून तिच्यात एक अंडे ठेवते आणि पुढे सरकते. अशी दोनशेपर्यंत अंडी ती घालू शकते. साळीच्या दाण्याएवढे ते अंडे आठ-पंधरा दिवसांत फुटते. अळी आधी सालीखालचा ओला, रसाळ थर खाते आणि अंगात जोर आला की लाकडात शिरते. पूर्ण वाढलेली अळी ८ ते ९ सेंटीमीटर लांब, पिवळसर पांढरी, डोके काळपट, आणि पाय नाहीत. शेणखतात सापडणाऱ्या हुमणीशी तिची गल्लत होते; पण हुमणीला पाय असतात आणि ती अर्धगोल मुडपून पडते, ही सरळ असते. वर्षाला एकच पिढी. म्हणजे एका पावसाळ्यातील अंडे पुढच्या पावसाळ्यात भुंगेरा होऊन बाहेर येते, आणि मधले सगळे महिने अळी झाडाच्या आत, फवाऱ्याच्या आवाक्याबाहेर असते.

झाड मरते कशाने, हे नीट समजले तर उपायही आपोआप समजतो. पानांनी तयार केलेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरते. अळीने खोडाभोवती हा थर खाल्ला की मुळे उपाशी पडतात. वरची पाने काही महिने हिरवीच राहतात, कारण पाणी लाकडातून चढत असते. म्हणून ‘काल हिरवेगार होते, आज वाळले’ असे वाटते. प्रत्यक्षात झाड आठ-दहा महिन्यांपासून मरत असते. पालवी उशिरा आणि तोकडी येते, पाने पिवळी पडतात, एकाच बाजूची मोठी फांदी शेंड्याकडून वाळत येते, आणि क्वचित असे झाड मरण्याआधीच्या हंगामात मोहोराने लगडते. त्या मोहोराला भुलू नये.

आता भुशाविषयी थोडे सविस्तर, कारण निम्मे पैसे चुकीच्या निदानात जातात. खोडकिड्याचा भुसा जाडाभरडा, तंतूतंतूंचा असतो. ओले खोबरे किसल्यासारखा, चिमटीत चोळला तर धागे हाताला लागतात. ताजा भुसा पिवळसर आणि दमट, जुना राखाडी आणि कोरडा. छिद्रातून भुशाबरोबर तपकिरी, आंबूस वासाचा रस ओघळलेला दिसतो. याउलट खोडावर, विशेषतः फांद्यांच्या बेचक्यात, रेशमी जाळीत गुंफलेली भुशाची आणि बारीक गोल लेंड्यांची पट्टी दिसली, तर ती साल खाणारी अळी. ती पतंगाची अळी आहे. मोसंबी, पेरू, बोर, आंबा काहीच वर्ज्य नाही, आणि दुर्लक्षित बागेत ती हमखास असते. ती दिवसा आपल्या आखूड बिळात बसते आणि रात्री बाहेर येऊन साल खाते. तिच्यासाठी जाळी खरवडून काढली आणि बिळात तार घातली की काम होते. खोडावर मातीची नळी किंवा मातीचा लेप चढलेला असेल तर ती वाळवी; ती बहुतेक वेळा मेलेली साल खाते, झाड मारायला ती पहिली येत नाही. आणि सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रे आणि त्यातून मैद्यासारखी पूड पडत असेल तर ते वेगळेच प्रकरण, त्याबद्दल पुढे. या चौघांना एकच ‘खोडकिडीचे औषध’ देणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

जिवंत बीळ ओळखण्याची साधी रीत अशी: संध्याकाळी बुंध्याभोवतीचा सगळा भुसा झाडून काढावा आणि खताचे पांढरे पोते उसवून बुंध्याशी अंथरावे. सकाळी पोत्यावर ताजा भुसा दिसला की त्याच्या वर नजर नेत छिद्र शोधावे आणि गेरूने खूण करावी. एका अळीची छिद्रे चार-पाच असू शकतात, म्हणून छिद्रे मोजून अळ्यांचा हिशेब करू नये. एक सावधगिरी मात्र मे महिन्यात फार महत्त्वाची आहे. पूर्ण वाढलेली अळी खाणे थांबवून भुयाराच्या टोकाला कोषात जाते, तेव्हा भुसा पडायचा बंद होतो. ‘भुसा थांबला, किडा मेला’ असे समजून बागायतदार निर्धास्त होतात, आणि जूनमध्ये त्याच खोडाला करंगळी जाईल एवढे गोल भोक पडलेले दिसते. ते भोक म्हणजे भुंगेरा निघून गेल्याची खूण. ज्या झाडावर हिवाळ्यात भुसा दिसला होता, त्याची जुनी छिद्रेही याच फेरीत हाताळली पाहिजेत.

हत्यारे घरातलीच लागतात. मोटारसायकलच्या क्लचची जुनी तार दोन-अडीच फूट, टोकाला वाकवून आकडा केलेला. सायकलचा स्पोक चालतो, पण भुयार वळले की तो अडतो आणि तार वळते. लहान पटाशी, विळा, बिनसुईची २० मिलीची सिरिंज, कापूस आणि लिंपायला माती. पटाशीने छिद्राभोवतीची मेलेली साल काढून तोंड मोकळे करावे, आतला भुसा तारेने ओढून काढावा, मग तार आधी वर आणि नंतर खाली सरकवावी, कारण भुयार दोन्हीकडे जाते. तार मऊ वस्तूला टेकून अडली की दोन-तीन वेळा फिरवून ओढावी. आकड्याला अळी लागून आली तर उत्तम; नाही आली पण टोक पांढरट चिकट द्रवाने भिजले असेल, तरी अळी फुटली आहे. टोक कोरडेच आले तर भुयार वळले आहे असे समजावे.

अशा वेळी खालची सगळी छिद्रे आधी मातीने बंद करावीत आणि सर्वांत वरच्या छिद्रातून काम करावे. सिरिंजने ५ ते १० मिली पेट्रोल किंवा रॉकेल आत सोडावे, त्यातच भिजवलेला कापसाचा बोळा खोल सारावा आणि तोंड लगेच लिंपावे. अळी पेट्रोलने भिजून मरत नाही, कोंडलेल्या वाफेने गुदमरून मरते. म्हणून लिंपण हेच खरे औषध, आणि बहुतेक ठिकाणी काम फसते ते इथेच. आपली काळी माती ओली असताना घट्ट बसते, पण ४२-४३ अंशांच्या उन्हात दुसऱ्या दिवशी तिला भेगा पडतात आणि वाफ निघून जाते. निम्मी चिकणमाती, निम्मे शेण, त्यात मूठभर बारीक भुसकट कालवून दोन बोटे जाड लिंपण द्यावे आणि दोन दिवस त्यावर ओले फडके बांधावे. दुसरी चूक म्हणजे ‘जास्त घातले की जास्त मरते’ म्हणून अर्धी बाटली ओतणे. पेट्रोल जिवंत सालीवर ओघळले तर साल जळते आणि त्या जखमेवर पुढचे अंडे पडते. काम सकाळी लवकर करावे, विडी-काडी लांब ठेवावी. आठव्या दिवशी पुन्हा पोते अंथरून पाहावे. ताजा भुसा पडला तर तेच छिद्र पुन्हा करावे. पंधरा दिवसांनी तिसरी फेरी. एका फेरीत बाग साफ झाली असे क्वचितच होते.

अळी काढल्यावर उरलेली जखम तशीच ठेवू नये. पोकळ वाजणारी साल जिवंत कडेपर्यंत पटाशीने काढावी, वरचे आणि खालचे टोक निमुळते ठेवावे म्हणजे पाणी साचत नाही, आणि बोर्डो पेस्ट लावावी. १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद ५ लिटर पाण्यात रात्रभर फडक्यात बांधून लोंबकळत ठेवावे, तळाशी टाकले तर लवकर विरघळत नाही. चुना दुसऱ्या बादलीत थोडे-थोडे पाणी घालत फोडावा, गार होऊ द्यावा, गाळावा, आणि ५ लिटर करावा. दोन्ही तिसऱ्या बादलीत एकदम ओतत सतत ढवळावे. भांडी प्लास्टिकचीच घ्यावीत, लोखंडी घेतले तर मोरचूद त्याच्यावरच बसते. तयार झाल्यावर विळ्याचे पाते मिनिटभर बुडवावे. तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, थोडी चुन्याची निवळी आणखी घालावी. पेस्ट त्याच दिवशी संपवावी. जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंत खोडाला, भेगा भरतील अशी, ब्रशने लावावी. एकदा पावसाआधी आणि एकदा पाऊस उघडल्यावर. मात्र बोर्डो हे बुरशीनाशक आहे. भेगा बुजतात, खोड गुळगुळीत होते, मादीला चीर पाडायला जागा कमी मिळते, एवढाच खोडकिड्याच्या बाबतीत तिचा उपयोग. आत बसलेली अळी बोर्डोने मरत नाही. भोकावर पेस्ट फासून वर्षभर स्वस्थ बसणाऱ्या बागा आज सर्वाधिक पोखरलेल्या दिसतात.

आता औषधांबद्दल, आणि इथे कृषी खात्याने कान द्यावा ही आग्रहाची विनंती. गावोगावी अजूनही जुन्या पत्रकांतले सल्ले फिरतात: छिद्रात डायक्लोरव्हॉस सोडा, खोडाला कार्बारिल फासा, बुडाशी फोरेट टाका, मोनोक्रोटोफॉसचा बोळा बसवा. यातले कार्बारिल २०१८ च्या केंद्राच्या आदेशाने ऑगस्ट २०१८ पासूनच बंद झाले. त्याच आदेशाने डायक्लोरव्हॉस आणि फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहेत. मोनोक्रोटोफॉसचे ३६ टक्के द्रावण २०२३ च्या आदेशाने मोडीत निघाले. तरीही व्हॉट्सॲपवरच्या सल्ल्यांत हीच नावे येतात, आणि जुन्या बाटल्या शेडच्या फळीवर पडून असतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ती आठवण अजून ताजी आहे. त्याहून भयंकर म्हणजे धान्यात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या छिद्रात कोंबण्याची पद्धत. या गोळ्या सर्वसामान्यांना विकायला परवानगीच नाही; त्यातून निघणारा फॉस्फिन वायू माणसाला मारतो आणि त्यावर उतारा नाही. लेबलावर आंबा आणि ही कीड दोन्ही छापलेली नसतील ते औषध वापरू नये, आणि तोडणी चालू असताना तर झाडावर कोणतेही कीटकनाशक मारू नये. तार, बोळा आणि लिंपण या कामाला पुरतात.

जैविक मार्गाचेही एक भान हवे. मेटारायझियम ही बुरशी अळी आणि भुंगेऱ्याला रोगी करते, पण तिला दमट हवा लागते. मे महिन्याच्या उन्हात ती खोडावर फासणे म्हणजे पैसे मातीत. जुलै-ऑगस्टमध्ये भुरभुर चालू असताना छिद्रात सोडावी. शिवाय मोरचूद बुरशीला मारते. बोर्डो लावलेल्या सालीवर मेटारायझियम लावले तर दोन्हींचा खर्च वाया.

आता लाकडाकडे वळू, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष याच ठिकाणी होते. वाळलेले झाड तोडले म्हणजे कीड संपली, असे नाही. तोडलेल्या ओल्या ओंडक्यात अळी आपले आयुष्य पुरे करते आणि ओंडक्यातूनच भुंगेरा निघतो. तो ओंडका बागेच्या कडेला सरपण म्हणून रचला असेल किंवा चाळीस किलोमीटरवरच्या वखारीत गेला असेल, तर किडा तिथे पोहोचला. अमेरिकेने याची जबर किंमत मोजली आहे. आशियातून, बहुधा पॅकिंगच्या लाकडातून गेलेला एमराल्ड ॲश बोरर हा सेंटीमीटरभर लांबीचा हिरवा भुंगेरा २००२ मध्ये मिशिगन राज्यात डेट्रॉइटजवळ ॲश नावाच्या तिथल्या झाडांवर सापडला. स्वतः उडून तो दरवर्षी थोडेच अंतर कापतो. पण लोकांनी सहलीला, शेकोटीला नेलेल्या सरपणातून तो शेकडो किलोमीटर पुढे गेला आणि कोट्यवधी ॲश झाडे वाळली. तिथे आता सरपण जिथे तोडले तिथेच जाळा, असा प्रचार करावा लागतो. तिकडे ॲशच्या खोडात इमामेक्टिन बेंझोएट टोचतात आणि एका टोचणीत झाड दोन-तीन वर्षे वाचते, तेही फांद्या-पानांच्या घेराचा साधारण एक-तृतीयांश भाग वाळण्याआधी टोचले तरच; त्यापुढे झाड औषध वर ओढूच शकत नाही. हा धडा घ्यावा, पण ती टोचणी आंब्याला उचलू नये. ॲशचे फळ कोणी खात नाही, आंबा आपण लेकरांच्या हातात देतो.

आपला खोडकिडा इथलाच आहे, बाहेरून आलेला नाही. उलट इथून बाहेर गेला आणि इस्रायलमध्ये अंजिराच्या बागांना भारी पडला. अंजीर, उंबर, फणस, सावर ही त्याची आवडती झाडे. दौलताबाद-खुलताबाद पट्ट्यात आंब्याशेजारी अंजीर असेल तर दोन्ही एकाच दिवशी तपासावेत, नाहीतर एकीकडून काढलेला दुसरीकडून येतो.

तोडलेल्या लाकडाचे काय करावे? मृगाआधी ओंडक्याच्या फाळ्या करून उन्हात टाकाव्यात. अळ्या उघड्या पडतात, पाखरे वेचतात, उरलेल्या वाळतात. सगळ्यांत बरे म्हणजे जवळच्या वीटभट्टीत लगेच जाळणे. पावसाआधी फोडता येत नसेल तर तो ओंडका बागेत ठेवूच नये. इथे एक खरी अडचण आहे. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या अनुसूचीत आंबा आहे, त्यामुळे स्वतःच्या शेतातले झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. कायदा योग्यच आहे. गावरान आमराया उरल्यात त्या काही अंशी त्यानेच. पण खोडकिड्याने पूर्ण वाळलेल्या झाडाचा अर्ज एप्रिलमध्ये दिला आणि परवानगी ऑगस्टमध्ये मिळाली, तर तोवर त्यातले भुंगेरे उडून गेलेले असतात. वाळलेल्या, पोखरलेल्या झाडांचे अर्ज वेगळे काढून दरवर्षी १५ मेपूर्वी जागेवर पाहणी व्हावी आणि निकाल लागावा, आणि परवानगीतच ‘लाकूड मृगाआधी फोडावे किंवा जाळावे’ ही अट घालावी. नुसती परवानगी उपयोगाची नाही, ही अट तिच्याहून महत्त्वाची.

मृगानंतर काम थांबत नाही, फक्त वेळ बदलते. पहिल्या पावसानंतर जूनअखेर ते ऑगस्ट, अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन बुंध्यापासून माणसाच्या उंचीपर्यंत खोड पाहावे. भुंगेरे सुस्त बसलेले सापडतात, हाताने वेचून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. ते उजेडाकडे येतात, म्हणून हेक्टरी एक प्रकाश सापळा लावावा, पण तो बागेच्या मधोमध नको, कडेला हवा. ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरभर सालीवर बोटाच्या पेराएवढे ओले, तपकिरी डाग शोधावेत. त्या डागाखाली नखाएवढी अळी सालीतच असते. विळ्याच्या टोकाने दोन इंच साल उचलली की ती निघते, पेट्रोल नको, लिंपण नको. एका झाडाला दोन मिनिटे लागतात. हीच अळी फेब्रुवारीत लाकडात हातभर आत गेलेली असते आणि तेव्हा अर्धा तास लागतो. एवढी स्वस्त संधी वर्षात दुसरी नाही, आणि सोयाबीनच्या धांदलीत नेमकी तीच निसटते.

खोडकिडा कोणते झाड निवडतो? ताणातले आणि जखमी झाड. निरोगी झाडाच्या चिरेत डिंक आणि रस भरतो, कोवळी अळी त्यात बुडून मरते. तहानलेल्या झाडात तो दाब नसतो. २०१५-१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या काळात मराठवाड्यातील बागांनी जे सोसले, त्याची भरपाई खोडात एका वर्षात होत नाही. म्हणून उन्हाळ्यात थोडके का होईना, पण नियमित पाणी द्यावे, आणि ते बुंध्याला टेकवू नये. ठिबकच्या नळ्या फांद्यांच्या घेराच्या कडेला सरकवाव्यात. आच्छादन भरपूर घालावे, मात्र बुंध्याभोवती वीतभर जागा उघडी ठेवावी, नाहीतर ओल्या सालीवर लक्ष जात नाही. नैर्ऋत्येकडच्या बाजूला दुपारच्या उन्हाने साल करपून तडकते, आणि मादीला ती तडक आयतीच मिळते. तिथे चुन्याचा हात द्यावा.

छाटणीची वेळ तर विशेष जपावी. जुन्या आमराया पुनरुज्जीवित करण्यासाठी दहा-बारा फुटांवर फांद्या कापतात. हे काम पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरपासून पुढे करावे आणि प्रत्येक कापावर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावावी. मे-जूनमध्ये कापले तर ताज्या जखमा आणि उडणारे भुंगेरे एकाच वेळी येतात. पुनरुज्जीवित झाडे दुसऱ्या वर्षी वाळतात त्याचे मोठे कारण खोडकिडा आहे, आणि त्या अपयशाचा दोष उगाच जुन्या झाडाच्या वयाला दिला जातो. शेंदऱ्या, खोबऱ्या, शेप्या, गोटी अशा नावांनी ओळखली जाणारी गावरान झाडे शंभरी ओलांडतात. वयाने ती मरत नाहीत.

डाळिंबवाल्यांसाठी थोडक्यात. सुईच्या टोचणीसारखी छिद्रे आणि बारीक पूड म्हणजे शॉट होल बोरर, जेमतेम दोन-अडीच मिलिमीटरचा भुंगेरा. तो लाकूड खात नाही. भुयारात बुरशी वाढवून ती खातो, आणि डाळिंबात ही कीड आणि झाड वाळवणारा मर रोग बहुधा हातात हात घालून येतात. तिथे तार चालत नाही. ४ किलो गेरू रात्रभर भिजवून १० लिटर पाण्यात घट्ट करून दोन फुटांपर्यंत खोडाला लावावा, आणि पूर्ण मर लागलेले झाड मुळासकट उपटून बागेबाहेर जाळावे. उपटलेल्या झाडाचे खोड शेजारच्या ओळीतून फरपटत नेऊ नये.

शेवटी मागण्या. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत लागवडीचे अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे मिळते. खोडकिडा मात्र साल जाड होऊन तडकू लागली की, बहुधा ही तीन वर्षे संपल्यानंतरच येतो, आणि तेव्हा बागायतदार एकटा असतो. सातव्या वर्षापुढच्या बागेत वर्षातून दोनदा, मेमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, खोड तपासणीची मोहीम सहायक कृषी अधिकाऱ्यांनी (पूर्वीचे कृषी सहायक) गाव निवडून घ्यावी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने, त्याच्या छत्रपती संभाजीनगरमधील हिमायतबागेच्या फळ संशोधन केंद्राने आणि जिल्ह्या-जिल्ह्यांतील कृषी विज्ञान केंद्रांनी तार, बोळा, लिंपण आणि बोर्डो यांची प्रात्यक्षिके झाडाजवळ करून दाखवावीत, सभागृहात नव्हे. आणि बंद झालेल्या औषधांची यादी मराठीत, ठळक अक्षरांत, प्रत्येक कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर लावायला भाग पाडावे. ग्रामपंचायतींनी रस्त्याकडेच्या आंब्यांना गेरू-चुन्याचा पट्टा मारताना त्याच माणसाच्या हाती एक तार द्यावी, आणि झाडांना ठोकलेले जाहिरातींचे खिळे काढून घ्यावेत; प्रत्येक खिळ्याची जखम अंड्याला आयती जागा आहे. ‘मराठवाडा केसर’ला भौगोलिक मानांकन मिळाले, ते फळाला मिळाले आहे. ज्या खोडावर ते फळ येते त्याच्यासाठी या वर्षी मृगाच्या आत निदान एक फेरी व्हावी. तोडणीला आलेल्या मजुरांपैकी दोघांना दुपारनंतर हेच काम द्यावे. झाडाखाली ते आधीच उभे असतात.

कळावे,

आपले,
फळबागांच्या कामातील काही कृषी पदवीधर,
जालना-बीड परिसर